पोटाच्या जागी उशी

मी रोज कंपनीच्या बसने कामावर जातो. ड्रायव्हरने गतिरोधकावरून बस जरा जोरात नेली की सगळ्यांत आधी मी ओरडतो. ऑटोत बसलो तर दोन्ही हातांनी दांडा धरून बसतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी वेगाविषयी बरंच काही बोलणार आहे, आणि आमच्या ऊर्जानगरच्या वसाहतीतलं कुणी हे वाचत असेल तर ते आत्ताच हसायला लागलं असेल.

तर या माणसाला शंभर सीसीच्या गाड्यांमधली सगळ्यांत वेगवान मोटरसायकल बनवायची होती. नुसती बनवायची नव्हती, स्वतः चालवायची होती. सरळ रस्ता, पुढे-मागे कुणी नाही, मूठ पूर्ण पिळलेली आणि वर आपण. एकदाच, पण आपणच. पन्नाशी ओलांडलेल्या, सकाळी बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाची ही इच्छा. या वयात लोक प्लॉट घेतात नाहीतर मुलांची लग्नं जुळवतात.

खूळ शिरलं मोबाईलमधून. रात्रपाळी संपवून आलो की झोप येत नाही, मग मी काहीबाही बघत पडतो. एकदा त्यात मिठाचं पांढरंशुभ्र मैदान दिसलं आणि त्यावरून काहीतरी लांबुळकं सुसाट गेलं. मला वाटलं विमानाचं पोट सुटून पडलं. ती मोटरसायकल होती. इंजिन, चाकं, चालवणारा माणूस, सगळं एका गुळगुळीत खोळीत झाकलेलं. त्या खोळीला फेअरिंग म्हणतात. गाडीने बऱ्यापैकी वेग घेतला की इंजिनाची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होते, आणि खोळ नीट असेल तर तेच इंजिन कुठल्या कुठे जातं.

हे ऐकलं आणि मी उठून बसलो. कारण वीज केंद्रात माझं काम पंख्यांचं. बॉयलरमधला धूर ओढून चिमणीत घालणारे पंखे, एकेक आमच्या क्वार्टरच्या हॉलपेक्षा मोठा. हवा हा माझ्या खात्याचा विषय आहे, असं मी त्या क्षणी ठरवून टाकलं. डक्टमधली हवा पगारी असते, ढकलाल तिकडे जाते, आणि बाहेरची हवा कुणाची नोकर नसते, हा फरक मला पुढे कळायचा होता. नागपूरकडच्या हौशी लोकांचा एक क्लब दर हिवाळ्यात वापरात नसलेल्या एका धावपट्टीवर गाड्यांचा वेग मोजतो आणि त्यात शंभर सीसीचा वेगळा गट असतो, एवढं मात्र शोधून काढलं. वसाहतीत ज्याला त्याला धरून मी भाषण द्यायला लागलो. भाषणाचा सारांश असा, की समोरून जेवढे दिसाल तेवढा मार खाल. रुंदी हीच वेगाची दुश्मन. हे सांगताना माझं पोट श्रोत्याच्या आणि माझ्या मध्ये असायचं, पण तेव्हा ते माझ्या लक्षात येत नव्हतं.

गाडी मात्र माझ्याजवळ नव्हती. माझी जुनी शंभर सीसी आमच्या हिच्याकडे होती. ही धानोरा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आठवडाभर धानोऱ्याला खोली करून राहते आणि शनिवारी एसटीने घरी येते. धानोऱ्याहून शाळेपर्यंतच्या जंगलातल्या रस्त्यावर स्कूटीची चिमुकली चाकं टिकेनात, म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी ती माझी गाडी घेऊन गेली. मी तिला ती वापरायला दिली आहे, असं मी म्हणायचो. ती किक मारून निघायची.

दिवाळीच्या सुट्टीत तिने गाडी घरी आणली आणि मी पहिली खोळ बनवली. जुन्या कूलरच्या पत्र्याची. पुढे रॉकेटसारखं टोक काढलं, कारण टोकदार वस्तू हवेत शिरते हे कुणालाही दिसतं. मागे काही नव्हतं, पत्रा संपला होता. रविवारी सकाळी वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर निघालो आणि दुसऱ्या गेअरमध्येच गाडीचं नाक मनाला येईल तिकडे वळायला लागलं. वारा आला की ते वाऱ्याचं ऐकायचं, माझं नाही. भांड्यांचं कपाट जिन्यावरून सोडल्यासारखा आवाज होत होता. पहिल्या गेअरमध्ये, पाय घासत परत आलो, तर शेजारी गॅलरीतून विचारतो, "भाऊ, दिवाळीत कूलर कुठी घेऊन चालले?"

पुढे वाचल्यावर कळलं की सगळं उलटं असतं. पुढचा भाग गोल, भरीव हवा आणि मागचा लांब निमुळता. हवेला दुभंगणं सोपं असतं, तिला पुन्हा जुळवून घेणं कठीण, म्हणून सगळी काळजी मागच्या बाजूची घ्यायची. खात्री करायला मी बाजारात गेलो. इरई धरणाचा रोहू शेपटीला धरून उचलला आणि बाजूने, समोरून, वरून पाहू लागलो. पुढे जाड, मागे बारीक, अगदी पुस्तकात आहे तसा. मासेवाली बाई म्हणाली, "घ्याचा हाय का खेळाचा?" तो रोहू घ्यावा लागला.

आकार कळला, पण बनवायचा कसा? पत्रा वाकत नाही, आणि वाकला तर दोन्ही बाजूंनी सारखा वाकत नाही. उपाय हिनेच काढला. तिच्या शाळेच्या गावात बांबूकाम करणारे एक वयस्कर भाऊ आहेत. टोपल्या, सुपं, कोंबड्या झाकायची डालगी, सगळं विणतात. बांबूचा सांगाडा आणि त्यावर फायबर, असं ठरलं. मी आलेखाचे कागद जोडून जोडून चादरीएवढा नकाशा काढला, प्रत्येक वीतभर अंतरावर रुंदी लिहिली, आणि हिच्याबरोबर पाठवून दिला. व्हिडिओ कॉलवर भाऊंना समजावायला लागलो. ते त्या नकाशावरच बसले होते, अंगणात चटईसारखा पसरून.

"कागदाचं काम नाई, भाऊ," ते म्हणाले. "डालगं विनाचं असंन तं मी कोंबडी पाह्यतो. कागदावर कोंबडी बसत नाई. बसनारा मानूस धाडा, गाडीवर बसवा, त्याच्या भवताल विनतो."

बसणारा माणूस म्हणजे मी. पण एप्रिल महिना होता. एप्रिलमध्ये अख्खा मुलूख कूलर लावतो, त्यामुळे आमच्या पंख्यांना सुट्टी नसते आणि पंख्यांना नसली की मलाही नसते. साहेबांनी अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. हिची मात्र सकाळची शाळा, दुपार मोकळी. गाडी तिकडेच, भाऊ तिकडेच. तेव्हा माझ्या डोक्यातून ती कल्पना निघाली जिचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. माझ्या जागी ही बसेल. उंचीने आम्ही सारखेच आहोत, हे मी लग्नापासून मान्य केलेलं नाही, पण या कामापुरतं केलं. खांद्यांचा फरक भरून काढायला तिने माझं थंडीचं जाड जाकीट घालावं, आणि पोटाच्या जागी उशी बांधावी.

उशी मी स्वतः निवडली. दिवाणावरची, कापसाची, गच्च भरलेली. आरशासमोर उभं राहून पोटाला लावून पाहिली आणि मनाशी म्हणालो, थोडी जास्तच आहे, पण असू दे, मार्जिन राहील. वीज केंद्रात आम्ही सगळ्याला मार्जिन ठेवतो. सोमवारी पहाटे ही जाकीट आणि उशी एका पिशवीत कोंबून एसटीत बसली. संध्याकाळी फोनवर मी विचारायचो, "उशी बांधली ना?" ती म्हणायची, "हो." एवढ्यावर माझं समाधान व्हायचं. कामावर ज्युनिअर पोरांनी "हो" म्हटलं तर मी जाऊन बोट लावून पाहतो. बायकोच्या "हो"ला बोट लावता येत नाही.

मेमध्ये शाळेला सुट्टी लागली. टेम्पोत घालून गाडी आणि सांगाडा थेट भद्रावतीला आला, कारण तिथे माझ्या ओळखीचा एक फायबरवाला आहे. बागेतल्या घसरगुंड्या बनवतो, पाण्याच्या टाक्या बनवतो आणि कचरा टाकायचे ते उभे पेंग्विन बनवतो, तोंड उघडं असलेले. सांगाडा पाहून मी खूश झालो. कामट्या एकीला एक लागून, कुठे फट नाही, मागे शेपटीकडे निमुळता होत गेलेला. दोन्ही बाजूंना भाऊंनी बांबूचे भक्कम कान काढले होते. मी फोन करून विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, "उचलाले कान नको का?" कान राहू दिले. हवेला त्रास होणार होता, पण भाऊंना "नाही" म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

पहिल्या दिवशी आम्ही दुपारी काम केलं. मेमधल्या दुपारी हे करू नये, एवढं चंद्रपूर जिल्ह्यात जन्मलेल्या दोन माणसांना कळायला हवं होतं. फायबर चिकटवायच्या द्रवात हार्डनर घातलं, ढवळलं, आणि ब्रश बुडवेपर्यंत बादलीत दगड झाला. वरून धूर निघायला लागला. ब्रश अजून त्या बादलीत उभा आहे. त्यानंतर आम्ही उजाडता उजाडता काम करू लागलो. पुढचं गोल नाक काही केल्या जमेना, तेव्हा फायबरवाल्याने सहज हात केला, कोपऱ्यात एक पेंग्विन पडला होता. डोक्यापासून छातीपर्यंतचा भाग घेतला, चोच कापली, आडवा केला आणि सांगाड्याला बसवला. रोहूच्या पुढे पेंग्विन. मोजून पाहिलं तर मला हवा होता त्याच्या फार जवळचा आकार. पेंग्विनच्या छातीवर "मला वापरा" अशी उठावाची अक्षरं होती. ती बऱ्यापैकी घासली, तरी तिरप्या उन्हात वाचता यायची.

मग तो दिवस आला ज्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या फेअरिंगमध्ये बसणार होतो. ही डबा घेऊन माझ्याबरोबर एसटीने आली होती. फायबरवाल्याने झाकण वर धरलं. मी एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, गुडघे वाकवले, आणि कमरेपर्यंत छान गेलो. त्याच्या पुढे गेलो नाही. श्वास सोडला, पोट आत ओढलं, खाली दाबलं. मी अर्धा आत, अर्धा बाहेर, कुंडीतल्या झाडासारखा. आता वरही येता येईना. दोघांनी काखेत हात घालून मला उपटून काढलं.

"भाऊचं माप चुकलं," मी ओरडलो. "उशी होती ना पोटाले? मंग?"

"होती," ही म्हणाली. "मंग काढली."

"काढली? काऊन काढली?"

"गरम होऊन राह्यलं होतं. वरतून तुमचं ते जाकीट. एप्रिलात जाकीट घालून बसाले सांगता, मानूस काय उकडून खाता?"

जाकीटही काढलं होतं, हे ओघाने कळलं. फायबरवाला तोंड फिरवून पेंग्विनकडे बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते. मी तिला पुष्कळ काही बोललो. अंतर, मोजमाप, जबाबदारी, वगैरे. ती डबा सोडत होती. मग हात पुसून म्हणाली, "मी बसून पाहू का?"

ती आत गेली. कशालाही न घासता, दाण्याच्या टरफलात दाणा जावा तशी. झाकण खाली आलं आणि टक् करून बसलं. आतून तिने मूठ हलकेच फिरवल्याचा आवाज आला. मला राग आला होता, पण रागाच्या खाली जे होतं ते मला चांगलं ओळखू आलं. मला हेवा वाटत होता. माझी गाडी, माझा आकार, माझा रोहू, आणि आत दुसरंच कुणीतरी.

मी दोन आठवडे फुगून बसलो. मधून कापून चार बोटं पट्टी घातली की मी मावेन, असं फायबरवाला म्हणाला. मी कागद घेऊन बसलो. रुंदी वाढवली की हवा किती जास्त ढकलावी लागेल, वेग किती घसरेल. सगळ्या बाजूंनी हिशेब केला. उत्तर दर वेळी माझ्या शर्टाच्या चौथ्या बटणाखाली येऊन थांबायचं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "समोरून जेवढं दिसते तेवढा मार, असं तुमीच म्हनता ना?" माझं भाषण माझ्या घरात कुणी ऐकत असेल असं मला वाटलं नव्हतं.

शेवटी तोडगा निघाला. धावपट्टीवर प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या मिळतात. पहिली फेरी हिची. दुसरी माझी, जर हिवाळ्यापर्यंत माझ्यावर झाकण बसलं तर. मी भात सोडला. गडचिरोली म्हणजे हिचं माहेर आणि धानाचा मुलूख. तिथे जावयाने भाताला नको म्हटलं तेव्हा सासूबाईंनी मुलीला बाजूला घेऊन विचारलं की डॉक्टर काय म्हणाले. रोज संध्याकाळी मी वसाहतीच्या मैदानाला फेऱ्या मारायचो. शाळा उघडल्यावर ही गाडी परत घेऊन गेली होती, खोळ भद्रावतीलाच होती. महिन्याच्या शेवटी मी तिथे जायचो आणि फायबरवाला मला खोळीत स्टुलावर बसवून झाकण लावून बघायचा. "भाऊ, अजून येवढं," तो बोटं दाखवायचा. ती बोटं हळूहळू कमी होत गेली, पण अतिशय हळूहळू.

हिवाळ्यात आम्ही टेम्पोतून धावपट्टीवर पोचलो. नागपूरची मंडळी चामड्याचे पोशाख घालून आली होती. आमची खोळ उतरवली तेव्हा ऊन तिरपं होतं आणि छातीवरची अक्षरं सगळ्यांनी वाचली. तपासणी करणाऱ्या तरुणाने बोटाने टकटक केलं. "अंदर क्या है, बांस?" मी म्हणालो, बांस. त्याने हिला आत बसवलं, आतून एका धक्क्यात झाकण उघडतं का ते पुन्हा पुन्हा करून घेतलं, ब्रेक पाहिले, आणि डोकं खाजवत सही केली.

आमच्या खोळीत एक अडचण होती. ती दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद, त्यामुळे चालवणाऱ्याला पाय टेकता येत नाहीत. सुटताना कुणीतरी धरून ढकलायला लागतं आणि थांबताना कुणीतरी पकडायला. नाही पकडलं तर गाडी आडवी. सुटण्याच्या टोकाला फायबरवाला आणि क्लबची दोन पोरं राहिली. पकडायला पलीकडच्या टोकाला मी गेलो आणि माझ्या जोडीला ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आला. तो तंबाखू मळत होता. मला तो तिथे उभा असलेला अजिबात आवडला नाही.

दूर एक पांढरा ठिपका हलला. मग आवाज आला, आपल्या ओळखीच्या शंभर सीसीचाच, पण मी कधी न ऐकलेल्या सुरात. तेव्हा मला भीती वाटली. इतके महिने मी वेग, रुंदी, शेपूट, कोन असा सगळा विचार केला होता, आणि त्या ठिपक्यात माझी बायको आहे हा विचार आत्ता येत होता. बांबूचं डालगं, कचऱ्याचा पेंग्विन, आणि त्यात ती. मी मनातल्या मनात देवाला नको ते नवस बोलत होतो. मोजणीच्या खुणेवरून ती गेली, आवाज उतरला, वेग उतरत उतरत चालीवर आला. आम्ही दोघे धावत जाऊन बांबूचे कान पकडले. कान टिकले. झाकण उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ आली आणि घामाने निथळलेली ही. ती हसत होती. इतकं मोठं हसताना मी तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

भोंग्यावरून आकडा आला, ताशी एकशे अठरा किलोमीटर. शंभर सीसीच्या गाडीसाठी. नागपूरची मंडळी आमच्याभोवती जमली आणि मी सुरू झालो. रोहू, पेंग्विन, निमुळती शेपूट, दुभंगणारी हवा. "आणि या खोळीमुळे वेग वाढला तो..." इथे मी थांबलो. वाढला तो किती? खोळीशिवाय ही गाडी किती जाते ते मी कधी मोजलंच नव्हतं. कामावर एखाद्याने दुरुस्तीआधीचं रीडिंग घेतलं नाही तर मी त्याला सगळ्यांसमोर झाडतो. इथे मी आधीचं रीडिंग न घेता सरळ नंतरचं घेऊन उभा होतो. विषय बदलून मी चहा मागवला.

दुसरी फेरी माझी. मी आत उतरलो, सगळा श्वास सोडला, आणि फायबरवाल्याने झाकण दाबलं. टक्. बसलं! आत अंधारात मी एकटाच हसलो. पुढची काच माझ्या श्वासाने धुरकट झाली होती. इतक्यात बाहेरून कुणीतरी टकटक केलं. वारा सुटला होता, आडवा. निशाण फडफडत होतं. तपासणीवाला म्हणाला, अशा वाऱ्यात खोळ लावून कुणी जाणार नाही. खोळ काढा, उघडी गाडी न्यायची तर न्या, नाहीतर फेरी सोडा.

मी बाहेर आलो तेव्हा माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. सहा महिन्यांचा भात. नटबोल्ट काढून खोळ बाजूला ठेवली आणि खाली राहिली ती साधीसुधी, टाकीला खरचटलेली, मडगार्डवर धानोऱ्याचा चिखल वाळलेली जुनी गाडी. नको म्हणावं असं मनात होतं. तेवढ्यात लक्षात आलं की राहून गेलेलं रीडिंग घ्यायची हीच वेळ आहे. खोळ नसलेली तीच गाडी, तोच रस्ता. हे काम कुणीतरी करायलाच हवं होतं, आणि समोरून भरपूर दिसणारा माणूस हजर होता.

ही माझ्या हेल्मेटचा पट्टा बांधत होती. बांधता बांधता म्हणाली, "उशी मी गरमीनं नाई काढली."

"ठाऊक आहे मले," मी म्हणालो. ठाऊक नव्हतं.

"इतके वर्षं ही गाडी चालवून राह्यली मी. पन त्या रस्त्यानं कधी चौथा गेअर पडला नाई. कुठी खड्डा, कुठी बैल, एकदा तं अस्वल. तिसऱ्यावर गेली की काहीतरी आडवं येते. एकदा पाह्याचा होता, चौथा गेअर कसा रायते ते."

"कसा रायते?"

"जाऊन पाहा ना तुमी," ती म्हणाली आणि पट्टा ओढून घट्ट केला. मग ॲम्ब्युलन्सवाल्याच्या गाडीत बसून पलीकडच्या टोकाला निघून गेली.

मला वाईट वाटलं. रोज कंपनीच्या बसमध्ये बसून मी वेगाची स्वप्नं बघत होतो आणि माझीच म्हणवलेली गाडी ती जंगलातून तिसऱ्या गेअरमध्ये चालवत होती, आणि मी कधी विचारलंही नव्हतं. वाईट वाटलं आणि त्याच्या मागोमाग फार बरंही वाटलं, की तिने उशी काढली.

मी सुटलो. पहिला, दुसरा, तिसरा, आणि चौथा टाकून मूठ पूर्ण पिळली. ज्याच्यावर इतकी भाषणं दिली तो वारा मला पहिल्यांदा समोरासमोर भेटला. त्याने शर्टात शिरून पाठीवर फुगा केला, गाल हलवले आणि पोटावर असा हात ठेवला की आता पुढे येऊ नका. गाडी घरघरत होती आणि काटा वर जायला तयार नव्हता. गंमत म्हणजे जितका मी हळू जात होतो, तितकी माझी खोळ चांगली ठरत होती. एवढं भरघोस यश मला नोकरीत कधी मिळालं नाही. पुढे-मागे कुणी नव्हतं. रस्ता सरळ होता. मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने ओरडत होतो, पण गतिरोधकावर ओरडतो तसं नाही.

आकडा नंतर कळला, शहाऐंशी. गटात सगळ्यांत शेवटचा. माझी आणि तिची फेरी यांच्यातला फरक, म्हणजे माझी सगळी विद्या, आम्ही दोघांनी मिळून मोजली होती.

पण ते नंतरचं. तेव्हा खूण मागे गेली, मी मूठ सोडली आणि पलीकडच्या टोकाला ही दिसली. धावपट्टीच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, मला पकडायला उभी. उघड्या गाडीला पकडायला कुणी लागत नाही. पाय टेकले की झालं, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. ॲम्ब्युलन्सवाला तिला काहीतरी सांगतही होता. ती हलली नाही.

गाडी चालीवर आली. मी पाय टेकले नाहीत.

तिने मला बरोबर पकडलं, दोन्ही हातांनी, घट्ट. भात सोडूनही माझं जे वजन उरलं होतं त्याचा विचार दोघांनीही केला नव्हता. गाडी एकीकडे, आम्ही दुसरीकडे, सावकाश, अगदी दिवाणावर आडवं व्हावं तसे आडवे झालो. ॲम्ब्युलन्सवाला धावत आला. मी हेल्मेटमधून विचारलं, लागलं का गं? माझ्या खालून आवाज आला, "इथी पाह्यजे होती उशी."